सोळा पानं, दहा माणसं: गटाने मिळून पुस्तिका लिहिणं, छापणं आणि शिवणं

चित्र काढणारी, लिहिणारी आणि लिहावंसं वाटणारी दहा माणसं एकत्र जमली की पहिल्या भेटीत उत्साह भरपूर असतो. चौथ्या भेटीला पाचच येतात. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: शेवटी हातात काय येणार आणि कधी येणार, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून वस्तू आधी ठरवा. सहा आठवडे, आठवड्यातून दोन तासांची एक भेट, आणि सहाव्या भेटीच्या शेवटी प्रत्येकाच्या हातात सोळा पानांची शिवलेली पुस्तिका. आतला मजकूर गटाने लिहिलेला, मुखपृष्ठ लिनोवर, म्हणजे कोरता येणाऱ्या मऊसर तक्त्यावर, कोरून हाताने छापलेलं, शिलाईही गटानेच केलेली. लिहिणाऱ्याला चित्राशी आणि चित्रकाराला शब्दाशी झटावं लागतं, म्हणून कलेची सामूहिक कामं सुरू करायला हा प्रकार फार चांगला.

आधी हिशेब

ए-४ कागदाची मधोमध घडी घातली की ए-५ आकाराची चार पानं मिळतात. चार कागद एकात एक घातले की सोळा. मुखपृष्ठ वेगळ्या जाड कागदाचं. सोळा पानांतलं पहिलं पान नावाचं, दुसरं कुणी काय केलं याचं, शेवटचं तारीख आणि प्रतींची संख्या लिहायला. आठवं-नववं मिळून सगळ्यांचं एक सामाईक चित्र. उरली अकरा. दहा जणांना एकेक आणि एक राखीव. राखीव पान लागतंच. कुणाची कविता दोन ओळींनी लांबते, तर कुणी ऐनवेळी मागे हटतं.

सामाईक चित्राला मधलीच जागा का? सोळा पानांत समोरासमोरची हीच दोन पानं एका कागदाच्या एकाच बाजूवर शेजारी येतात. बाकीच्या जोड्या समोरासमोर दिसल्या तरी वेगवेगळ्या कागदांवर असतात, त्यामुळे तिथे चित्र मधोमध तुटतं आणि जुळवताना एक-दोन मिलिमीटर सरकतंच.

प्रती पन्नास धरा: प्रत्येकाला तीन आणि वाटायला वीस. आतल्या पानांना २०० कागद लागतील, नासधुशीसकट २२०. हा कागद ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) चालतो, ९० ते १०० असेल तर पाठीमागची अक्षरं कमी दिसतात. मुखपृष्ठासाठी १६० ते २०० जीएसएमचे ए-४ मापाचे ६० कागद घ्या, कारण लिनोचे पहिले चार-पाच ठसे हमखास फिके किंवा चिकट येतात. याशिवाय लिनोचा साधारण १० × १४ सेंमीचा तुकडा, कोरायची व्ही आणि यू आकाराची पाती, शाईचा रबरी रोलर, शाई पसरायला गुळगुळीत काच, लाकडी चमचा, दाभण, सुया, मेण आणि जाड सुती दोरा.

कागदाची आडवी-उभी चाल

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि मग पुस्तिका टेबलावर तोंड उघडून का बसते ते कळत नाही. कागद तयार होताना त्यातले तंतू बरेचसे एकाच दिशेला लागतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती स्वच्छ बसते. आडवी घातली तर तंतू मोडतात, घडीवर भेगा पडतात आणि पुस्तिका मिटून राहत नाही. साध्या ए-४ कागदात तंतू सहसा लांब बाजूला समांतर असतात आणि आपली घडी पडते आखूड बाजूला समांतर, म्हणजे नेमकी उलटी. ८० जीएसएमचे चार कागद हे सोसतात. १८० जीएसएमचं मुखपृष्ठ सोसत नाही.

यावर उपाय सोपा आहे. मुखपृष्ठासाठी तंतू लांब बाजूने असलेला ए-३ कागद घ्या आणि मधोमध कापा. मिळालेल्या ए-४ तुकड्यात तंतू आखूड बाजूने येतात. खात्री करायला कागद न मोडता हलकेच वाकवा, आधी लांबीत, मग रुंदीत. ज्या बाजूने सहज वाकतो, त्या वाकाला समांतर तंतू आहेत.

पहिल्या दोन भेटी: लिहितं करणं

‘आपल्या आयुष्यावर लिहा’ असं सांगितलं की कागद कोरे राहतात. रोज हाताळली जाणारी एखादी वस्तू घरून आणायला सांगा. पहिली दहा मिनिटं फक्त बोटांना जे कळतं तेवढंच लिहायचं: वजन, कड, खरखर, गारवा, कुठे झिजलंय. ‘सुंदर’, ‘खास’, ‘आठवणीतलं’ हे शब्द या दहा मिनिटांपुरते बंद. पुढची पंधरा मिनिटं एकच प्रश्न: ही वस्तू शेवटची कधी बिघडली आणि कोणी नीट केली? इथे माणसं, घरं, भांडणं आपोआप कागदावर येतात, कारण दुरुस्तीत नेहमी दुसरं कुणीतरी असतं.

मग मोठ्याने वाचन. ऐकणाऱ्याने एवढंच सांगायचं की कोणती ओळ कानात राहिली. दुरुस्त्या, सूचना, तुलना पहिल्या दोन भेटींत पूर्ण बंद ठेवा आणि तसं आधीच स्पष्ट सांगा. नव्या माणसाने पहिल्यांदा वाचलं आणि लगेच शुद्धलेखन निघालं, तर तो माणूस पुढच्या भेटीला येत नाही.

गटात लिहिता न येणारं किंवा लिहायला कचरणारं कुणी असेल तर ते बोलतील आणि दुसरं कुणी लिहून घेईल. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. समजा, हातोडी घेऊन बसलेली बाई म्हणते, ‘दांडा ढिला झाला की मी त्यात काडी ठोकते, मग बसतो गुमान.’ लिहून घेणारा लिहितो, ‘दांडा सैल झाल्यास त्यात काडी ठोकून तो बसवावा.’ माहिती तीच राहिली, पण ‘मी’ गेली, ‘गुमान’ गेलं आणि त्या ओळीतली बाईच निघून गेली. म्हणून नियम ठेवा: जसं बोललं तसं लिहायचं, समजलं नाही तर ‘परत सांगा’ म्हणायचं, आणि ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का’ हे विचारायचं नाही. शेवटी पूर्ण मजकूर वाचून दाखवायचा. बोलणाऱ्याने ‘हां, असंच’ म्हटल्यावरच तो पक्का.

ज्याने गट जमवला त्यानेही लिहावं, इतरांइतकंच एक पान, आणि वाचायची पाळी मधली घ्यावी. पहिलं वाचलं तर सगळे त्याच सुरात लिहू लागतात.

तिसरी भेट: कापणं, तपासणं, परवानगी

ए-५ पानावर आतल्या बाजूला १८ मिमी, बाहेर आणि वर १५ मिमी, खाली २० मिमी समास सोडला, अक्षर १२ पॉइंट आणि ओळींमधलं अंतर १८ पॉइंट ठेवलं, तर शीर्षकासह १८० ते २०० शब्द मावतात. हाताने लिहिलेलं असेल तर १०० ते १२०. ओळींमधलं अंतर याहून कमी करू नका. देवनागरीत वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं असतात. अंतर १४ पॉइंटवर आणलंत की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो आणि पान काळं दिसू लागतं.

मजकूर लांबला तर पहिली दोन वाक्यं झाकून वाचून पाहा. बऱ्याचदा लेख तिसऱ्या वाक्यापासूनच सुरू झालेला असतो. कापायची पेन्सिल मात्र लेखकाच्याच हातात हवी. फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२४ मध्ये आपण शिकवत असलेल्या गावातल्या शाळेत छोटा छापखाना आणला आणि मुलांचे लेख मुलांकडूनच जुळवून छापून घेतले. लेखावरची चर्चा वर्गात, लिहिणाऱ्या मुलाला सोबत घेऊनच होत असे. ही पद्धत मोठ्यांच्या गटालाही जशीच्या तशी लागू पडते.

शुद्धलेखन तपासताना बोलीला हात लावू नका. ‘व्हतं’, ‘नाय’, ‘गेलतो’ लेखकाने मुद्दाम ठेवलं असेल तर तसंच छापलं जावं. पण मग त्या लेखात ते सगळीकडे सारखं आहे ना, एवढं बघा. एका ओळीत ‘व्हतं’ आणि पुढच्या ओळीत ‘होतं’ असेल तर वाचणाऱ्याला ती चूक वाटते. प्रूफ, म्हणजे छपाईआधीची तपासणीची प्रत, जोडीने तपासा: एकाने मूळ कागद विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून चालायचं. नावांची फेरी वेगळी घ्या. एका कागदावर प्रत्येकाने आपलं नाव स्वतःच्या हाताने लिहायचं, आणि छापायचं नाव त्याच कागदावरून घ्यायचं. एखादी वेलांटी चुकली तर लेखातली चूक माणूस विसरतो, नावातली विसरत नाही.

परवानगी लेखी घ्या, साध्या भाषेत: कोणता मजकूर, किती प्रती, फक्त कागदावर की इंटरनेटवरही, खरं नाव की टोपणनाव. छपाईच्या दिवसापर्यंत कुणीही आपलं पान मागे घेऊ शकतं आणि त्याला कारण विचारायचं नाही, हेही त्यात लिहा. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची सही हवी आणि मुलाचा होकारही हवा. लेखात तिसऱ्या माणसाची खासगी गोष्ट आली असेल तर त्याला विचारा, नाहीतर ओळख पटेल असा तपशील बदला.

पानांची मांडणी

इथे जवळजवळ प्रत्येक गट एकदा फसतो. पानं एकामागोमाग छापली की घडी घातल्यावर क्रम विस्कटतो. सोळा पानांची मांडणी अशी, प्रत्येक ठिकाणी आधी डावं पान, मग उजवं:

पहिला कागद: बाहेरून १६ आणि १, आतून २ आणि १५.
दुसरा: बाहेरून १४ आणि ३, आतून ४ आणि १३.
तिसरा: बाहेरून १२ आणि ५, आतून ६ आणि ११.
चौथा: बाहेरून १० आणि ७, आतून ८ आणि ९.

शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी १७. एखाद्या जोडीत १७ आली नाही तर थांबा.

आधी चार कोऱ्या कागदांची डमी करा: घडी घाला, एकात एक बसवा, पेन्सिलीने १ ते १६ आकडे टाका आणि मग कागद सुटे करा. ज्यांवरून झेरॉक्स काढायची ती मूळ पानं ए-४ कागदांवर चिकटवताना डमी शेजारी ठेवायची. मूळ पानांवर काळं, ०.५ ते ०.८ मिमीचं पेन वापरा. निळी शाई आणि पेन्सिल झेरॉक्समध्ये फिकी पडते, पाण्याच्या रंगातली करडी छटा डागाळते. कडेचे ५ मिमी बरीच यंत्रं छापतच नाहीत, तिथे काही ठेवू नका. पाठपोट प्रती काढताना कागद आखूड कडेवर पालटायला सांगा. लांब कडेवर पालटला तर मागची पानं उलटी छापली जातात. म्हणून पन्नासांचा गठ्ठा काढण्याआधी एकच संच काढायचा, घडी घालून पानं उलटून बघायची, मगच बाकीचे.

चौथी भेट: लिनो कोरणं

लिनो म्हणजे जवसाचं तेल घट्ट करून त्यात बूच आणि लाकडाचा भुसा मिसळून तागाच्या कापडावर पसरलेला थर. थंडीत हे तेल ताठरतं, पातं अडखळतं आणि जोर लावला की घसरतं. म्हणून कोरण्याआधी तुकडा पाच-दहा मिनिटं उन्हात किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवा. पातं लोण्यातून गेल्यासारखं चालतं. दुसरा हात कायम पात्याच्या मागे हवा, पुढे कधीच नको. वळण कोरताना हात न वळवता लिनोचा तुकडा फिरवा. दहा वर्षांखालच्या मुलांना पाती देऊ नका. त्यांच्यासाठी फोमची पातळ पाटी आणि बोथट पेन्सिल. दाबून रेघ उमटवली की तिचाही ठसा घेता येतो.

मुखपृष्ठावर नाव कोरायचं असेल तर ते उलटं कोरावं लागतं, आणि देवनागरी उलटी कोरताना खास खड्डे आहेत. आरशात ऱ्हस्व वेलांटीचा दांडा अक्षराच्या उजवीकडे जातो आणि ती दीर्घ दिसते. कोरणाऱ्याला वाटतं चूक झाली, आणि तो ती ‘सुधारतो’. ध आणि घ, भ आणि म या जोड्यांत शिरोरेखेची फट महत्त्वाची असते. ती फट कोरायची राहिली तर ध चा घ होतो.

यावर खात्रीचा मार्ग म्हणजे नाव ट्रेसिंग कागदावर मऊ ६बी पेन्सिलीने सुलटं लिहा, कागद पालथा लिनोवर ठेवा, मागून चमच्याने घासा. अक्षरं आपोआप उलटी उमटतात. त्यानंतर डोकं न चालवता रेघेवरून पातं न्यायचं. शंका आली तर आरसा धरा. अक्षरं उठावदार ठेवण्याऐवजी खोदून पांढरी काढली तर नवख्या हाताला सोपं जातं: शिरोरेखा म्हणजे व्ही पात्याची एक सरळ ओढ. उठावदार ठेवायची असतील तर कुठलीही रेघ २ मिमीपेक्षा बारीक नको, आणि ‘ब’, ‘ष’ यांच्या पोटातली जागा प्रत्यक्षापेक्षा मोठी ठेवा, कारण शाई तिथेच भरते.

दहा जणांनी एकाच तुकड्यावर कोरायचं तर तो आधी दहा चौकटींत आखून घ्या, प्रत्येकाने आपली चौकट स्वतः कोरायची. कापून वाटले तर कडा पुन्हा जुळत नाहीत.

पाचवी भेट: ठसे

काचेवर चमच्याच्या टोकाएवढी शाई घ्या आणि रोलर आडवा-उभा फिरवा. कान द्या. शाई जास्त असेल तर रोलर ओला, चिकट आवाज करतो आणि तिचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. ती बेताची झाली की बारीक, एकसारखी सळसळ ऐकू येते आणि पृष्ठभाग मखमलीसारखा दिसतो. लिनोला पातळ थर तीन-चार वेळा द्या. एकदाच जाड थर दिला तर बारीक रेघा बुजतात. ठशात मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके आले तर शाई कमी पडली किंवा घासणं अपुरं झालं.

प्रत्येक ठसा एकाच जागी यावा म्हणून पुठ्ठ्याचा साचा करा. मोठ्या पुठ्ठ्यावर लिनोच्या मापाची चौकट चिकटवा आणि कागदाच्या दोन कडा टेकतील अशा दोन पट्ट्या लावा. मुखपृष्ठाचा कागद पालथा येतो, त्यामुळे लिनोची जागा साच्यात डाव्या अर्ध्यात हवी. उजवीकडे लावली की चित्र मलपृष्ठावर जातं. कागद टेकवून ठेवल्यावर तो हलू न देता चमच्याने मधून कडांकडे घासत जा. उचलण्याआधी एक कोपरा वर करून बघा. फिकं वाटलं तर कोपरा परत ठेवा आणि तिथेच पुन्हा घासा.

कामं वाटून घ्या: शाई लावणारे दोघे, कागद ठेवणारे आणि घासणारे दोघे, वाळत घालणारे दोघे. शाईचे हात आणि कागदाचे हात वेगळे. एवढं पाळलं नाही तर प्रत्येक मुखपृष्ठावर अंगठा उमटतो. पाण्यात विरघळणारी शाई लवकर वाळते आणि हातही सहज धुतले जातात, पण ती काचेवरही पटकन सुकते, म्हणून थोडी थोडीच काढा. तेलाच्या शाईचा काळा रंग दाट येतो, पण वाळायला काही दिवस लागतात. पाचव्या आणि सहाव्या भेटीत आठवड्याचं अंतर त्यासाठीच आहे.

सहावी भेट: शिलाई

चारही कागद एकत्र घडू नका, एकेक घडा आणि चमच्याच्या दांड्याने घडी दाबा. मुखपृष्ठावर आधी बोथट टोकाने सरळ चर पाडा, मग घडा. एकात एक बसवून वर-खाली चिमटे लावा. २१० मिमीच्या घडीवर ३०, १०५ आणि १८० मिमीवर खुणा करून दाभणाने आतून बाहेर भोकं पाडा. पुस्तिका व्ही आकारात अर्धवट उघडलेल्या जाड पुस्तकाच्या खोबणीत ठेवली तर भोकं बरोबर घडीवर पडतात. कडेला सरकलेलं भोक मुखपृष्ठावर लगेच दिसतं आणि तिथूनच कागद फाटतो.

दोरा घडीच्या अडीचपट, म्हणजे साधारण ५५ सेंमी. मेणावरून दोनदा ओढून घ्या, म्हणजे गुंतत नाही आणि गाठ सरकत नाही. मधल्या भोकातून आतून बाहेर जा, आत १० सेंमी शेपूट सोडा. बाहेरून वरच्या भोकात शिरा. आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर या. मग बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत. आता आत एक लांब टाका आहे. दोऱ्याची दोन टोकं त्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. ती एकाच बाजूला असतील तर शिलाई सैल राहते. दोरा घट्ट करताना घडीला समांतर ओढा. काटकोनात ओढलात की भोक फाटतं, आणि हे प्रत्येक गटात पहिल्या दोन प्रतींना होतं, तेव्हा सुरुवात नासलेल्या ठशांच्या मुखपृष्ठांवर करा. लांब टाक्यावर दोनदा गाठ मारा, टोकं एक सेंमी ठेवून कापा. दहा जणांना पाच-पाच प्रती शिवायला तासभर पुरतो. मग त्याच टेबलाभोवती बसून प्रत्येकाने आपलं पान नव्या प्रतीतून वाचावं.

घरी जाण्याआधी दोन कामं. लिनो तेलाच्या शाईचा असेल तर खाद्यतेलाने, पाण्याच्या शाईचा असेल तर ओल्या फडक्याने पुसून, सपाट आणि उन्हापासून दूर ठेवा. कोरडा पडला की तो तडकतो. आणि आठही मूळ बाजू, डमी आणि नावांचा हस्तलिखित कागद एका मोठ्या पाकिटात, न दुमडता. पाकिटावर तारीख, प्रतींची संख्या आणि पुढच्या भेटीचा दिवस लिहा. पाकीट कुणाकडे राहणार त्याचं नावही.